आज रात्री कोण जागं आहे?

एप्रिल २०२१. पुण्यातल्या आमच्या सोसायटीसाठी मी एक शीट बनवली. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे पेशंटला हॉस्पिटलात सोडायला तयार आहेत, त्यांनी त्यात नाव आणि नंबर टाकायचा. एका संध्याकाळी ४३ नावं आली. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. मी खूश.

तिसऱ्या रात्री अडीच वाजता सी विंगमधल्या काकूंचा फोन आला. काकांचा ऑक्सिजन ८४ वर आला होता आणि अ‍ॅम्ब्युलन्सला दोन तास लागणार होते. माझ्याकडे फक्त बाइक. मी शीट उघडून वरून एकेक नंबर लावत गेलो. बरेच फोन सायलेंटवर होते. एक जण स्वतःच पॉझिटिव्ह झाला होता. एकाची गाडी भावाने नेली होती. चौदावा फोन उचलला गेला. काका वाचले, पण ती चाळीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

चूक लोकांची नव्हती. माझ्या शीटमध्ये 'कोण यायला तयार आहे' हा रकाना होता, 'आज रात्री कोण जागं आहे' हा नव्हता. लाज वाटायची गोष्ट म्हणजे ऑफिसात आम्ही हेच काम नीट करतो. रात्री सर्व्हर पडला तर कोणाचा फोन वाजणार हे ठरलेलं असतं. त्याने उचलला नाही तर पुढचा कोण, हेही ठरलेलं असतं. सर्व्हरसाठी आमच्याकडे ऑन-कॉल होता, काकांसाठी नव्हता.

हे आधी कुणी नीट केलंय का, हे शोधत मी थेट पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समध्ये पोचलो.

१९१४ साली युद्ध पेटलं तेव्हा अमेरिका त्यात नव्हती. तरी पॅरिसमधल्या अमेरिकनांनी शहराला लागून असलेल्या न्यूयीमध्ये, एका नव्या शाळेच्या इमारतीत जखमींसाठी हॉस्पिटल उघडलं. सैनिक रेल्वेने पॅरिसला यायचे आणि स्वयंसेवक ड्रायव्हर त्यांना गाडीतून हॉस्पिटलात न्यायचे. काम चांगलंच होतं. पण अनेक सैनिक तिथवर पोचतच नव्हते. खरी निकड आघाडीजवळच्या रस्त्यांवर होती.

हे ज्यांच्या लक्षात आलं ते अब्राम पायट अँड्र्यू. चाळिशी ओलांडलेले, हार्वर्डमध्ये अर्थशास्त्र शिकवलेले, अमेरिकेच्या टांकसाळीचे संचालक राहिलेले गृहस्थ. इथे ते साधे ड्रायव्हर म्हणून आले होते. एप्रिल १९१५ मध्ये त्यांनी फ्रेंच सैन्याला पटवलं, की या स्वयंसेवकांना आघाडीपर्यंत जाऊ द्या. पुढे 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' नावाने ओळखली गेलेली संघटना यातूनच उभी राहिली.

ड्रायव्हर बहुतेक हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसारख्या कॉलेजांतली पोरं. पगार नाही. उत्साह हवा तेवढा. अँड्र्यूंचं कसब असं, की ते उत्साहावर अवलंबून राहिले नाहीत. साधारण वीस गाड्यांची एक तुकडी आणि तिच्यासोबत दुरुस्तीची सोय. पुढच्या ठाण्यावर ठरलेल्या गाड्या उभ्या असायच्या. एक जखमींना घेऊन खाली निघाली, की मागची दुसरी तिच्या जागी वर जायची. म्हणजे ऑन-कॉलच, फक्त शंभर वर्षांपूर्वीचा आणि तोफांच्या आवाजात.

गाडी होती फोर्डची मॉडेल टी. २० हॉर्सपॉवरचं इंजिन, चालू करायला पुढून हँडल मारायचं; ते उलट फिरलं तर मनगट मोडायचं. मागे तीन जखमी आडवे किंवा चार-पाच जण बसून मावायचे. पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल उतारानेच इंजिनात यायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं, की खड्या चढावर इंजिन बंद पडायचं. मग ड्रायव्हर गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये डोंगर चढायचे! पण ती हलकी होती, स्वस्त होती आणि चिखलात रुतली तर चार-पाच जण उचलून बाहेर काढू शकायचे. व्होज पर्वतात तोवर जखमींना खेचरांवरून आणि बैलगाडीसारख्या गाड्यांतून उतरवावं लागायचं. तिथे ही टिनपाट गाडी चढली.

अनेक गाड्यांवर देणगीदारांच्या नावाची पाटी असायची. ते वाचून मला आपल्याकडच्या गणेश मंडळांच्या अ‍ॅम्ब्युलन्स आठवल्या, 'यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेल्या.

याची किंमतही मोजावी लागली. आघाडीजवळ रात्री दिवे लावायला बंदी. १९१५ च्या नाताळच्या आदल्या रात्री रिचर्ड हॉल हा त्याच वर्षी डार्टमथ कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा हार्टमान्सविलरकोफ डोंगराच्या रस्त्यावर तोफगोळ्याने मारला गेला. आघाडीवर मेलेला या संघटनेचा तो पहिला ड्रायव्हर. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि ही सेवा अमेरिकी सैन्यात सामील झाली. तोवर सुमारे २,५०० जणांनी तिच्यात काम केलं होतं.

या गोष्टीत मला एक गोष्ट मात्र टोचते. प्रवासाचा आणि गणवेशाचा खर्च ड्रायव्हरने स्वतः करायचा होता. म्हणजे सेवा करायची तर आधी घरात पैसा हवा. गिरणीतल्या कामगाराच्या मनात कितीही आलं, तरी तो फ्रान्सला जाणार कसा?

यावरचं उत्तर मला दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये सापडलं, आणि तेही एका ओळखीच्या वाटेने. १९२१ ते १९२६ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते लॉर्ड रीडिंग. त्यांच्या पत्नीची सेक्रेटरी म्हणून स्टेला नावाची एक तरुणी दिल्लीत आली होती. पत्नीच्या मृत्यूनंतर रीडिंग यांनी १९३१ मध्ये तिच्याशी लग्न केलं. याच स्टेलाबाईंनी १९३८ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांची 'डब्ल्यूव्हीएस' ही स्वयंसेवी संघटना उभी केली. या संघटनेने, रेडक्रॉसने आणि सेंट जॉनने मिळून 'हॉस्पिटल कार सर्व्हिस' चालवली. लोकांनी स्वतःच्या गाडीतून पेशंटना हॉस्पिटलात न्यायचं. वेळेचा पगार नाही, पण गाडीचा खर्च मैलाच्या हिशेबाने परत.

हा मैलाचा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. त्यामुळे दान फक्त वेळेचं उरतं. ज्याच्या खिशाला पेट्रोल परवडत नाही, अशा रिटायर्ड माणसालाही गाडी काढता येते. ५ जुलै १९४८ ला ब्रिटनमध्ये सरकारी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, तरी हे ड्रायव्हर लागतच राहिले, आणि आजही लागतात. कारण सायरनची गाडी अपघातासाठी असते. टाके काढायला, तपासणीला, घरी परत यायला साधी गाडी आणि ओळखीचा चेहरा पुरतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ आहे. ती तातडीच्या वेळी येते. पण डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा असतं आणि दर वेळी सुमारे चार तासांचं. रेडिएशनला कित्येक आठवडे, आठवड्यातले पाच दिवस जावं लागतं. तिथे जीव त्या क्षणी जात नसतो, म्हणून सायरनही वाजत नाही. फक्त रिक्षाचे पैसे जातात, मुलाच्या रजा संपतात, आणि एक दिवस पेशंट म्हणतो, "आज राहू दे."

आमची शीट अजून आहे. आता तिच्यात ४३ नावं नाहीत, नऊ आहेत. प्रत्येक नावापुढे वार आणि वेळ आहे, तो नसेल तर दुसरा कोण ते आहे, आणि शेवटच्या रकान्यात किलोमीटर. पेट्रोलचे पैसे सोसायटीच्या फंडातून मिळतात. त्यावर मीटिंगमध्ये दोन तास भांडण झालं. "सेवा करायची आणि पैसे घ्यायचे?" एका आजोबांनी विचारलं. मी त्यांना १९१५ ची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली की नाही माहीत नाही, पण महिन्याभराने त्यांनी आपलं नाव दिलं. मंगळवार.

मी सेकंडहँड गाडी घेतली. बी विंगमधल्या मावशींना डायलिसिसला न्यायचं असतं. गुरुवार माझा.