कासवापासून साखरेपर्यंत

संगणक सुरू केला की पडद्यावर काय दिसते, ते जरा आठवून पाहा. एक सपाट पृष्ठभाग, त्यावर मांडलेल्या फाइली, फाइली ठेवायचे फोल्डर आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. हे कचेरीतले टेबल आहे. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने ‘स्टार’ नावाचा संगणक बाजारात आणला, तो कचेरीत काम करणाऱ्यांसाठी. त्यांना यंत्र परके वाटू नये म्हणून त्यांच्या रोजच्या वस्तूंची चित्रे पडद्यावर काढली. पुढे १९८४ च्या मॅकिंटॉशने आणि नंतर विंडोजने तीच मांडणी उचलली, आणि आपल्या शाळांच्या संगणक खोल्यांतही तीच आली. तिसरीतल्या मुलीने कचेरी आतून पाहिलेली नसते. तरी तिचा संगणकाशी पहिला परिचय होतो तो ‘नवीन फोल्डर तयार करा’ या आज्ञेने!

हे टेबल मुलांपुढून उचलून दुसरे काहीतरी ठेवून पाहण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. त्याचे नाव ‘शुगर’, म्हणजे साखर. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारे, लहान मुलांसाठी रचलेले हे कामाचे वातावरण आजही कोणालाही फुकट मिळते. त्याची गोष्ट मात्र चाळीस वर्षे मागून सुरू करावी लागते.

सीमोर पॅपर्ट हे मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती. १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी जिनिव्हात झाँ पियाजे यांच्याबरोबर काम केले. मूल ज्ञान बाहेरून भरून घेत नाही, ते स्वतः ते रचते, हे पियाजे यांचे म्हणणे आपण डी.एड., बी.एड.च्या अभ्यासात वाचलेले असते (आणि परीक्षेनंतर बहुधा विसरलेले). पॅपर्टना ते विसरता आले नाही. अमेरिकेत एमआयटीत गेल्यावर त्यांना प्रश्न पडला: मुलाने गणित रचायचे तर कशातून? वाळूचा किल्ला करायला वाळू लागते. गणिताची वाळू कोणती?

त्यांचे उत्तर होते संगणक. १९६७ साली वॉली फॉयर्झाइग, सिंथिया सॉलोमन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. तेव्हाचे संगणक कपाटाएवढे होते आणि मुले त्यांच्याशी टंकयंत्रासारख्या उपकरणावरून बोलत. काही वर्षांत लोगोला ‘कासव’ मिळाले. आधी ते जमिनीवर फिरणारे, पोटाशी पेन बांधलेले खरेखुरे यंत्र होते. नंतर ते पडद्यावर गेले.

कासवाला दोनच गोष्टी कळतात: पुढे जा आणि वळ. ‘१०० पावले पुढे, ९० अंश उजवीकडे’ हे चारदा केले की चौरस. आता त्याच मुलांना पंचकोनी चांदणी काढायला सांगा. बहुतेकजण वळण ७२ अंशांचे घेतात आणि त्यांना साधा पंचकोन मिळतो. मग कोणीतरी उठून स्वतःच कासव होऊन वर्गात चालू लागते. चालता चालता लक्षात येते, की चांदणी काढताना आपण एकदा नव्हे, दोनदा पूर्ण गोल फिरतो. म्हणजे ७२० भागिले ५, वळण १४४ अंशांचे. येथे मूल संगणकाला शिकवते आहे, आणि त्यासाठी आधी त्याला स्वतःला नीट समजावे लागते आहे. चुकलेली चांदणी हा लाल शेऱ्याचा विषय राहत नाही. कुठे बिघडले ते शोधायचे एवढेच. १९८० साली आलेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पॅपर्टनी हे सारे मांडले.

त्याच सुमारास ॲलन के या संगणकशास्त्रज्ञाने मुलाला हातात धरता येईल अशा वहीएवढ्या संगणकाची कल्पना केली. १९७२ च्या एका निबंधात त्यांनी त्याला ‘डायनाबुक’ म्हटले. तेव्हा ते करणे शक्यच नव्हते. ते शक्य व्हायला आणखी तीस वर्षे गेली.

जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे एमआयटीचे निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप जगातल्या गरीब मुलांना देण्याची घोषणा केली. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ हे योजनेचे नाव. पॅपर्ट त्यात सहभागी होतेच. १९८२ साली याच दोघांनी सेनेगलमधल्या डाकारला शाळेत लोगो नेऊन पाहिले होते. २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडू लागलेले ते हिरवे-पांढरे यंत्र, एक्सओ, अभियांत्रिकीचा सुंदर नमुना होते. भर उन्हात वाचता येणारा साडेसात इंची पडदा, फिरणारी तबकडी नाही म्हणून पडल्याची भीती कमी, आणि स्मृती फक्त २५६ मेगाबाइट. किंमत मात्र शंभरच्या जागी १८८ डॉलर झाली.

या यंत्रासाठी शुगर लिहिले गेले. वॉल्टर बेंडर हे त्यातले प्रमुख नाव. रेड हॅट ही लिनक्सची कंपनी आणि पेंटाग्राम ही चित्ररचनाकारांची संस्था सोबत होती. माझ्या मते या सगळ्या प्रकल्पात टिकण्याजोगी गोष्ट हिरवे यंत्र नव्हते, ही होती. म्हणून ती जरा सविस्तर पाहू.

प्रथम सुरू करताना शुगर मुलाला त्याचे नाव विचारते आणि आवडते रंग निवडायला सांगते. मग पडद्याच्या मधोमध त्या रंगांचे एक माणसाचे चिन्ह उभे राहते: वर गोल डोके, खाली फुलीसारखे हातपाय. भोवती वर्तुळात कामे मांडलेली: लिही, रंगव, मोज, संगीत, कासव. त्यांना ‘प्रोग्राम’ म्हटलेले नाही, ‘कृती’ म्हटले आहे. एका वेळी एकच कृती पूर्ण पडदा व्यापते. एक कळ दाबली की आपण मागे सरतो आणि आपला गट दिसतो. आणखी मागे गेले की सारा शेजार, म्हणजे जाळ्यात जोडलेली इतर मुले, आपापल्या रंगांत. शेजारच्या मुलाच्या चित्रात आपणही रंग भरू शकतो. एकाच निबंधावर दोघे बसू शकतात. आपल्या परीक्षापद्धतीत याला कॉपी म्हणतात!

फाइल आणि फोल्डर कुठे आहेत? नाहीत. त्यांच्या जागी ‘दैनंदिनी’ आहे. मूल जे करते ते आपोआप, तारीखवार तिच्यात नोंदले जाते; ‘साठवा’ ही आज्ञा द्यावीच लागत नाही. गेल्या मंगळवारी काढलेले चित्र उघडायचे तर गेल्या मंगळवारी जायचे. शिक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते पाहा. आपल्यापुढे शेवटचे पक्के उत्तर तेवढे येत नाही, तिथवरचा खाडाखोडीचा सारा रस्ता येतो. शिवाय एक्सओच्या कळफलकावर खास एक कळ होती, जी दाबली की चालू कृतीमागची संगणकीय लिखावट दिसे. घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलाला ओरडणारे आपण. येथे उघडायला कळच दिलेली.

भारताने ही योजना नाकारली. २००६ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने कळवले, की आम्हांला आकर्षक उपकरणांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक अधिक तातडीने हवे आहेत, आणि या कल्पनेमागचे शिक्षणशास्त्रही संशयास्पद आहे. तरीही २००७ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत, एक लहानसा प्रयोग झाला. वीस-बावीस मुले, सगळ्या इयत्ता एका खोलीत. यंत्रांसाठी देवनागरी कळफलकही निघाला होता. देशभर योजना मात्र पसरली नाही.

मंत्रालयाचे बरोबर होते का? या प्रश्नाचे उत्तर दक्षिण अमेरिकेत शोधावे लागते. उरुग्वेने २००७ मध्ये एका खेड्यातल्या शाळेपासून सुरुवात करून २००९ च्या अखेरपर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाला यंत्र दिले. छोटा देश, शाळाशाळांत इंटरनेट, दुरुस्तीची आणि शिक्षक-प्रशिक्षणाची राष्ट्रीय व्यवस्था. पेरूने त्याहून किती तरी अधिक यंत्रे वाटली, तीही डोंगरदऱ्यांतल्या शाळांत, आणि पुष्कळ ठिकाणी वाटपावरच काम थांबले. इंटर-अमेरिकन विकास बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध केली. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेले होते. गणित आणि भाषेच्या गुणांत मात्र फरक आढळला नाही. सर्वसाधारण आकलनाच्या काही चाचण्यांत थोडी वाढ दिसली, एवढेच.

पॅपर्टच्या मांडणीत कासवाभोवती नेहमी कोणीतरी मोठे माणूस असे. चांदणी चुकली की ‘चालून पाहू या का?’ म्हणणारे. नेग्रोपोंटे यांच्या घोषणांत ते माणूस हळूहळू दिसेनासे झाले. मूल आणि यंत्र एवढेच उरले. माझा आक्षेप शुगरवर नाही, या गाळलेल्या माणसावर आहे. मंत्रालयाचे निदान म्हणून मला अर्धे बरोबर वाटते. शिक्षक आधी हवा हे खरे, पण शिक्षणशास्त्र संशयास्पद नव्हते. ते अमलात आणताना सोडून दिले गेले.

२००८ मध्ये प्रकल्पात फूट पडली. एक्सओवर विंडोजही चालवायचे ठरू लागले, आणि बेंडर बाहेर पडले. त्यांनी ‘शुगर लॅब्ज’ ही स्वयंसेवकांची संस्था काढली आणि शुगरला हिरव्या यंत्रापासून सोडवले. त्यांनी आपल्या संचांना दिलेली नावे रसायनशास्त्राच्या शिक्षकाला आवडतील. गाभा म्हणजे ग्लुकोज, सोबतच्या नमुना कृती म्हणजे फ्रुक्टोज, आणि दोन्ही मिळून सुक्रोज. आपली घरातली साखर अशीच बनते (फक्त तिथे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो). डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत आजही सॉफ्टवेअरच्या भांडारात ‘सुक्रोज’ हेच नाव शोधावे लागते. ते बसवले की प्रवेशाच्या पडद्यावर नेहमीच्या वातावरणाऐवजी शुगर निवडता येते.

जून २००९ मध्ये त्याहून सोपा मार्ग आला, तो म्हणजे पेन ड्राइव्हवरचे शुगर. पहिल्या आवृत्तीला ‘स्ट्रॉबेरी’ म्हणत आणि तिला एक जीबीचा ड्राइव्ह पुरे. ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू करायचा. आतल्या तबकडीला हातही लागत नाही. मुलाची दैनंदिनी ड्राइव्हवरच राहते, म्हणजे मूल आपला संगणक खिशात घेऊन फिरते आणि शाळेचे यंत्र केवळ पडदा आणि कळफलक पुरवते. दहा संगणक आणि साठ मुले असलेल्या शाळेसाठी याहून योग्य सोय मला माहीत नाही.

मी हे एका शाळेतल्या टाकून दिलेल्या चार संगणकांवर करून पाहिले. सोपे होते असे म्हणणार नाही. एक यंत्र काही केल्या पेन ड्राइव्हवरून सुरू होईना. कोठून सुरू व्हायचे तो क्रम बदलायला पासवर्ड हवा होता आणि तो घालणारे सद्गृहस्थ कधीच निघून गेले होते. अखेर वीज काढून, पेटी उघडून, आतली नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर काढली तेव्हा ते यंत्र पासवर्ड विसरले. (जुन्या यंत्रांत हे बहुधा चालते, नव्यांत चालेलच असे नाही.) दुसऱ्याची स्मृती इतकी कमी होती, की ताजी आवृत्ती गोगलगायीच्या गतीने उघडे. मराठी भाषांतरही काही कृतींत पुरे आहे, काहींत मधूनच इंग्रजी डोकावते. बाईंनी ते शब्द फळ्यावर लिहून ठेवले आणि प्रश्न मिटला.

शुगरमध्ये ‘अंतर’ नावाची एक कृती आहे. दोन संगणक एकमेकांना आवाज देतात, आवाज पोचायला किती वेळ लागला ते मोजतात आणि त्यावरून आपल्यामधले अंतर सांगतात. दहा मीटरला सुमारे २९ सहस्रांश सेकंद. दोन जुने लॅपटॉप मिळवून आम्ही ती शाळेच्या व्हरांड्यात चालवली. एप्रिल महिना, पारा चाळिशीला. मुलांनी टेपने मोजलेले दहा मीटर संगणक सातत्याने कमी दाखवत होता. मुलांनी निकाल दिला: संगणक खोटे बोलतो. बाईंनी विचारले, तो मोजतो काय, अंतर की वेळ? बराच वेळ शांतता. मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, की उन्हाळ्यात आवाज जास्त जोरात पळतो का?

पळतो. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. दहा मीटरमागे पस्तीसएक सेंटिमीटरचा फरक पडायला तेवढे पुरते. पण हे बाईंनी तेव्हा सांगितले नाही, मीही गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, ऊन चढायच्या आत, चार मुले टेप घेऊन व्हरांड्यात हजर होती.