प्रकल्पजन्य विस्थापन व पुनर्वसन : गोसीखुर्द

सार्वजनिक प्रयोजनासाठी शासनाने जमीन संपादित केल्यामुळे एखाद्या लोकसमूहास आपले गाव, शेती व उपजीविका सोडून अन्यत्र वस्ती करावी लागते, तेव्हा त्यास प्रकल्पजन्य विस्थापन म्हणतात. संरक्षण-उत्पादन व सिंचन ही दोन्ही सार्वजनिक प्रयोजने होत. भंडारा जिल्ह्यात पहिल्याचे उदाहरण म्हणजे १९६० च्या दशकात स्थापन झालेली जवाहरनगर येथील आयुध निर्माणी आणि दुसऱ्याचे पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथे वैनगंगा नदीवर बांधलेले धरण (इंदिरा सागर). प्रस्तुत नोंदीत यांपैकी दुसऱ्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या संघटित प्रतिकाराचा प्रारंभ मुळशी सत्याग्रहापासून (१९२१–२४) होतो. टाटा कंपनीच्या जलविद्युत् धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला; परंतु धरण झाले व जमिनी पाण्याखाली गेल्या. स्वातंत्र्योत्तर काळात कोयना धरणामुळे उठलेल्या अनेक कुटुंबांचे प्रश्न अर्धशतकानंतरही शिल्लक राहिले. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमात जमिनीची किंमत देण्याची तरतूद होती. माणसांचे पुनर्वसन हा त्याचा विषय नव्हता. ही उणीव धरणग्रस्तांच्या चळवळींनी पुढे आणली आणि राज्यात १९७६ चा पुनर्वसन अधिनियम संमत झाला. त्याची जागा पुढे १९८६ च्या आणि नंतर १९९९ च्या अधिनियमाने घेतली. थोडक्यात, या क्षेत्रात कायदा बहुधा लढ्यामागून आला.

प्रकल्प : गोसीखुर्द प्रकल्पास १९८३ मध्ये सु. ३७२ कोटी रु. खर्चाची मान्यता मिळाली. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा देण्यात आला. धरणाची लांबी ११ किमी.हून अधिक असून त्यास ३३ दरवाजे आहेत. नियोजित सिंचनक्षमता सु. अडीच लाख हेक्टर आहे. बुडीत क्षेत्र भंडारा व नागपूर या जिल्ह्यांत, विशेषतः पवनी, भंडारा व कुही या तालुक्यांत, पसरले आहे. लाभक्षेत्राचा सर्वांत मोठा वाटा मात्र खालच्या अंगाच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे जातो. ज्यांनी जमीन दिली ते व ज्यांना पाणी मिळावयाचे ते बहुतांशी भिन्न होत, ही या विस्थापनाची पहिली विषमता.

मोबदला व विलंब : जुन्या भूसंपादन अधिनियमानुसार जमिनीचे मूल्य कलम ४ च्या अधिसूचनेच्या दिनांकास ठरत असे. १९८४ च्या दुरुस्तीने त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत (यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत) प्रतिवर्षी १२ टक्के अतिरिक्त रक्कम देय झाली. प्रकल्पाचे काम दशकानुदशके रेंगाळले. या अवधीत धरणाचे अंदाजपत्रक वारंवार सुधारले जाऊन १८ हजार कोटी रुपयांवर गेले. बुडणाऱ्या शेतीचे मूल्य मात्र अधिसूचनेच्या दिवशीच बांधले गेले होते. सिमेंट व मजुरीच्या भाववाढीची दखल शासनाने घेतली. शेतकऱ्यास दुसरीकडे जमीन विकत घेताना सोसाव्या लागणाऱ्या भाववाढीची दखल घेण्याची सोय कायद्यात नव्हती. वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली दिवाणी न्यायालयात जाण्याचा मार्ग होता. तथापि अल्पभूधारकास तो खर्चिक व दीर्घ ठरे. राज्याच्या पुनर्वसन अधिनियमांत लाभक्षेत्रात पर्यायी जमीन देण्याची तरतूद असूनही गोसीखुर्दच्या बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्यास रोख रक्कमच आली.

मोबदल्याबाहेरची हानी : पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात गावाचे जीवन केवळ सातबाऱ्यावर अवलंबून नव्हते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) विदर्भातील गावांच्या निस्तार पत्रकांत चराई, सरपण इ. सामाईक हक्कांची नोंद असते. माजी मालगुजारी तलाव, गावठाणालगतचे कुरण, नदीपात्रात उन्हाळ्यात लावल्या जाणाऱ्या डांगरवाड्या आणि वैनगंगेवरील ढीवर समाजाची मासेमारी यांवर भूमिहीनांचा संसार चाले. यांपैकी फार थोड्या गोष्टींस बाजारभाव होता. त्यामुळे ज्याच्याकडे कागद नाही, त्याची हानी निवाड्यात उमटली नाही. नवीन वसाहतींत रस्ते, पाणी, शाळा इ. अठरा नागरी सुविधा द्यावयाच्या होत्या. त्या अपुऱ्या असल्याची तक्रार पुनर्वसित गावांतून सातत्याने होत राहिली. नागपूर शहराचे सांडपाणी नाग व कन्हान या नद्यांतून जलाशयात येते. त्यामुळे काठच्या गावांपुढे दूषित पाण्याचाही प्रश्न उभा राहिला.

न्यायाचा शोध : गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीने विलास भोंगाडे आदींच्या पुढाकाराने मोर्चे, धरणे व सत्याग्रह या मार्गांनी हे प्रश्न लावून धरले. परिणामी २०१३ मध्ये राज्य शासनाने सु. १,२०० कोटी रुपयांचे विशेष साहाय्य मंजूर केले. त्यात नोकरीच्या बदल्यात रोख रक्कम देण्याचा पर्यायही होता. त्याच वर्षी संसदेने भूसंपादन व पुनर्वसनाचा नवा अधिनियम संमत केला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो अंमलात आला. बाधित कुटुंबांच्या व्याख्येत शेतमजूर, कूळ व कारागीर यांच्याबरोबर मच्छीमार व नावाडी यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. वैनगंगेकाठच्या भूमिहीनांना जो न्याय हवा होता, त्याचे तत्त्व अशा रीतीने कायद्यात आले. परंतु तोवर गोसीखुर्दचे बहुतेक निवाडे जुन्या अधिनियमाखाली पूर्ण झाले होते.

मूल्यमापन : गोसीखुर्दच्या इतिहासात अन्याय एखाद्या एकाच निर्णयातून घडलेला दिसत नाही, तो मुख्यतः विलंबातून साचत गेला. गाव सोडावयाचे हे निश्चित, पण केव्हा हे अनिश्चित, अशा स्थितीत माणसे घराची दुरुस्ती किंवा विहिरीची खोदाई हाती घेऊ शकत नाहीत. या प्रतीक्षेची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. म्हणून पुनर्वसन हे पाणी अडविण्यापूर्वी पूर्ण झाले पाहिजे, हे धरणग्रस्तांच्या चळवळीचे जुने सूत्र केवळ मागणी न राहता न्यायाची किमान अट ठरते.