पद्मिनी आणि अवंती : गाडी देशी कशाने ठरते?

१/८
हातकणंगले तालुक्यातील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यांत ओतले जाते. तिथली कास्टिंग मोटारींच्या आणि ट्रॅक्टरांच्या कारखान्यांकडे जातात. मुंबईशी नाते असलेल्या दोन गाड्यांची तुलना करताना ही फाउंड्री ध्यानात ठेवावी लागते.

२/८
पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला.

३/८
१९५३ हे वर्ष निर्णायक ठरले. केवळ परदेशी सुटे भाग जोडणाऱ्या, देशात उत्पादनाची योजना नसलेल्या कंपन्यांना यापुढे वाव नको, असा कौल टॅरिफ आयोगाने दिला. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, ती एकेक भाग इथेच घडवण्याच्या बोलीवर.

४/८
१९६४ ची ‘फियाट ११०० डिलाइट’ १९७४ पासून पद्मिनी झाली : चार दारांची सेडान, १०८९ सीसीचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत. परवानाराजमुळे ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत. स्पर्धा नसल्याने सुधारणाही खुंटली. ही त्या धोरणाची किंमत होती.

५/८
दुसरी गाडी अवंती. मुंबईचे दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती सादर केली. दोन दारे, दोन आसने, उतरते छप्पर, आसनांमागे इंजिन. विक्रीच्या गाडीत रेनॉचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. शक्ती सुमारे २५० अश्वशक्ती, म्हणजे पद्मिनीच्या सहापट.

६/८
आकड्यांत तुलना इथेच संपते. इतिहासात मात्र ती उलटी दिसते. पद्मिनीचे रूप इटलीचे, पण अंतरंग टप्प्याटप्प्याने भारतीय झाले. अवंतीचे रूप भारतीय, पण इंजिन परदेशी राहिले.

७/८
कारण फाउंड्रीत सापडते. एखाद्या भागाचा पॅटर्न आणि साचे यांचा खर्च हजारो नग निघाले तरच सुटतो. सेडान घरोघरी आणि टॅक्सीतळावर खपली, म्हणून तिच्याभोवती सुटे भाग घडवणारे आणि दुरुस्ती जाणणारे हात तयार झाले. मोजक्यांसाठी असलेल्या कूपेला स्वतःचे इंजिन ओतून घेणे परवडणारे नव्हते. कोल्हापूरकरही असेच शिकले : उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांना गावोगाव मागणी होती, त्या कामातून ओतकामाचे कसब रुजले आणि पुढे ते मोटारींच्या भागांकडे वळले.

८/८
मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी रस्त्यावरून हटली. अवंतीही संग्राहकांपुरतीच उरली. शिरोलीच्या भट्ट्या मात्र पेटत्या आहेत. पुढची देशी स्पोर्ट्स कार जेव्हा येईल, तेव्हा तिच्या छपराच्या वळणाआधी तिचे इंजिन कुठे घडले, हे विचारावे लागेल.