अडीअडचणीचं रॉकेल

आमच्या घराण्यात सोनं फारसं नव्हतं. पण रॉकेल होतं. त्याचीही दोन खाती होती. मोरीतला पाच लिटरचा कॅन हे बचत खातं. रोज काढा, रोज स्टोव्हमध्ये भरा. आणि आजीच्या खाटेखाली, गोणपाटाआड उभा असलेला पत्र्याचा डबा ही मुदत ठेव. तिला कुणी हात लावायचा नाही. ‘अडीअडचणीला असू दे,’ असं आजी म्हणे. ही मुदत मात्र कधीच भरत नसे. बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर आता माझ्या ध्यानात येतं, की आजी ही आमच्या घरातली रिझर्व्ह बँक होती.

या ठेवीला इतिहास आहे. ‘रॉकेल’ हा शब्दच मुळी ‘रॉक ऑइल’चा घरगुती अवतार, आणि ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’चा. साहेबाची वस्तू घेतली तरी तिचं बारसं आम्हीच करणार! तेल यायचं चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या चौकोनी डब्यातून. तेल संपे, डबा उरे. मग त्यात धान्य राही, पाणी तापे, तुळस वाढे, आणि शेवटी पत्रा उलगडला की न्हाणीघरावर छप्पर होई. ओगलेवाडीच्या कारखान्याने ‘प्रभाकर’ कंदील काढून दिवा स्वदेशी केला. पण दिव्याच्या पोटातलं तेल लांबूनच यायचं. सगळी गोम तिथे होती.

मार्च १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं. ब्रह्मदेशातल्या तेलविहिरी इंग्रजांनी माघार घेताना स्वतःच निकामी केल्या. आपल्याकडचं बरंचसं तेल तिथून येत असे. आजी त्या वर्षी नवी नवरी होऊन साताऱ्याला आली होती. रंगून कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पण रंगून पडलं आणि माजघरातली वात बारीक झाली, एवढा भूगोल तिला पुरला.

दुसरा धडा तिला १९७३ साली मिळाला. त्याआधीच १९७२च्या दुष्काळाने आणि महागाईने लोक मेटाकुटीला आले होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यात ऑक्टोबर १९७३मध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटलं, अरब देशांनी तेलाचा हात आखडला आणि तीन डॉलरच्या आसपासचं पिंप जानेवारी १९७४पर्यंत बाराच्या घरात गेलं. खाटेखालचा डबा त्या वर्षीचा. पुढे १९७४मध्येच समुद्रात ‘बॉम्बे हाय’ला तेल लागल्याची बातमी अण्णांनी वाचून दाखवली, तेव्हा आजीने एवढंच विचारलं, ‘आपल्या दुकानात कधी येणार?’

तिसऱ्या खेपेला मी हजर होतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि १७ जानेवारी १९९१ला आखातात बाँब पडू लागले. युद्ध तिकडे, रांग मात्र आमच्या पेठेत! शाळेत जाण्याआधी रांगेत कॅन ठेवून यायचं काम माझ्याकडे. माणसांपेक्षा कॅन आणि विटाच जास्त. एरवी पाच लिटर नेणारं घर ‘असू दे’ म्हणून पंधरा मागू लागलं आणि दुकानातलं पिंप दहाच्या ठोक्याला कोरडं पडू लागलं. बँकेचंही असंच होतं बरं का. बँक बुडेल म्हणून लोक पैसे काढतात, आणि लोक पैसे काढतात म्हणून बँक बुडते. दुकानात नसलेलं रॉकेल आखातात अडकलेलं नव्हतं. ते घरोघर खाटेखाली होतं.

एका संध्याकाळी शेजारच्या काकू रिकामी बाटली घेऊन आल्या. लेक बाळंतपणाला आलेली, बाळ आठ दिवसांचं. पाणी तापवायला घरात थेंब नाही.

‘आमच्याकडेही खडखडाट आहे हो,’ अण्णा म्हणाले.

मी खाटेवर बसून पाय हलवत होतो. नेमकी माझी टाच डब्याला लागली. रिकामा डबा खणखणतो. भरलेला नुसता ‘डब्’ करतो. तो ‘डब्’ वाड्यात सर्वांनी ऐकला. अण्णा माझ्याकडे बघू लागले, काकू जमिनीकडे.

‘काढ रे तो डबा,’ आजी म्हणाली.

‘अगं, पण अडीअडचणीला...’

‘मग ही काय आहे? अडचण आपलीच असायला हवी, असं मी कधी म्हटलं होतं?’

डबा निघाला. तळाशी गंज उतरला होता, म्हणून तेल धोतराच्या फडक्यातून गाळलं. बातमी लागताच वाड्यातली बाकीची बिऱ्हाडंही बाटल्या घेऊन आली. अण्णांनी वहीत एकेक बाटली टिपून ठेवली. महिन्याभरात सगळी परत आली. शंभर टक्के वसुली! आमच्या शाखेला हा आकडा अजून जमलेला नाही.

आता विचार केला की अंगावर काटा येतो. पेटत्या स्टोव्हपासून चार हातांवर १८ लिटर रॉकेल, आणि त्यावर निर्धास्त झोपलेली आजी! स्टोव्हच्या भडक्यात भाजल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात नित्याच्याच. पण तिला आगीपेक्षा विझलेल्या चुलीची भीती जास्त वाटे.

तसं पाहिलं तर देश तरी काय वेगळं करतो? १९९१च्या जुलैमध्ये घरातलं सुमारे ४७ टन सोनं बाहेर गहाण पडलं, तेव्हा आयातीला डॉलर उरले नव्हते. पुढे विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखाली खडकात गुहा कोरून ५३ लाख टन कच्चं तेल मावेल अशी सोय झाली. म्हणजे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. वाचलं तेव्हा मला आजीची खाटच दिसली.

आमच्या घरी आता गॅस आहे, आणि दाराआड भरलेला दुसरा सिलिंडरही. परवा रात्री वरच्या मजल्यावरचा मुलगा विचारत आला, ‘काका, जास्तीचा सिलिंडर आहे का हो?’ ‘नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि पाय आपोआप मागे घेतला. मग उठलो, नि त्याला म्हटलं, ‘धर रे एका बाजूने.’