हरवलं की विखुरलं? कोहेरन्सच्या इतिहासातलं एक पान

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. एखादी गोष्ट हरवली असं आपण म्हणतो, तेव्हा ती खरंच नष्ट झालेली असते का?

1950 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एर्विन हान अणुकेंद्रकांच्या चुंबकत्वावर प्रयोग करत होते. रेडिओलहरींची एक पल्स दिली की नमुन्यातली केंद्रकं एका तालात फिरत. हा तालमेल म्हणजेच कोहेरन्स. थोड्याच वेळात ताल बिघडे, संकेत विरून जाई. मग हान यांनी दुसरी पल्स दिली आणि काही काळाने विरलेला संकेत पुन्हा उमटला! यालाच ‘स्पिन एको’ म्हणतात.

हे कसं झालं? समजा, शाळेच्या मैदानावर मुलं धावतायत. कुणी जोरात, कुणी हळू. पांगापांग होते. शिट्टी वाजते, सगळी मागे वळतात. प्रत्येकाने आपला वेग तोच ठेवला, तर सगळी एकाच क्षणी सुरुवातीच्या रेषेवर येतात. पण अट बघा: वेग तोच राहिला पाहिजे. मधेच बदलला, तर तेवढा ताल कायमचा गेला.

1958 मध्ये नाकाजिमा आणि 1960 मध्ये झ्वान्झिग यांनी परिसराची ही ‘आठवण’ समीकरणात मांडली. समीकरण अचूक होतं, पण सोडवायला महाकठीण. 1976 मध्ये सोपी वाट सापडली. मूळचे केरळचे, तरुणपणी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये काम केलेले सुदर्शन, त्यांच्यासोबत गोरिनी आणि कोसाकोव्स्की, आणि स्वतंत्रपणे स्वीडनचे लिंडब्लाड यांनी विसराळू परिसराचं समीकरण दिलं. परिसरात गेलेली माहिती इथे परत येत नाही. लेझरसारख्या कितीतरी ठिकाणी हे उत्तम चालतं, कारण तिथला परिसर खरोखरच फार लवकर विसरतो.

पण सोय म्हणजे निसर्गनियम नव्हे. 2009 मध्ये ब्रॉयर, लाइने आणि पीलो यांनी एक कसोटी मांडली: दोन वेगळ्या अवस्था एकसारख्या दिसू लागल्यावर मधेच पुन्हा वेगळ्या ओळखू आल्या, तर माहिती परिसरातून परतली आहे. 2011 मध्ये फोटॉनवर असे प्रयोग झाले.

आज क्वांटम संगणकातल्या क्यूबिटना हान यांच्यासारख्याच पल्स देतात. त्या उपयोगी पडतात, त्या परिसर सावकाश बदलतो म्हणूनच. म्हणजे ज्या आठवणीने गणित अवघड केलं, तीच आज कोहेरन्स वाचवते आहे.