मिसकॉलची कुळकथा

एखाद्या यंत्राचा इतिहास लिहावयाचा म्हणजे तें कोणीं शोधून काढलें, केव्हां विकावयास आलें आणि त्यांत पुढें कोणत्या सोयी वाढल्या, हें क्रमानें सांगावयाचें, असा प्रघात आहे. मोबाईल फोनापुरता हा प्रघात आम्हांस अपुरा वाटतो. कारण जी सोय आपल्या लोकांनीं खरोखर आपलीशी केली ती कोणत्याहि कारखान्यांत घडली नाहीं. ती सोय म्हणजे मिसकॉल.

३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनीं हातांतील यंत्रावरून पहिला फोन केला, तो प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेंतील जोएल एंगल यांना. दुसऱ्यास खिजविण्याचा मोह संशोधकांसहि आवरत नाहीं! आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योति बसू यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस मंत्री सुखराम यांच्याशीं पहिलें संभाषण केलें. पण दर मिनिटास सोळा रुपयांच्या घरांत. आणि आलेला फोन घेतला तरी पैसे पडतच.

घरच्या जुन्या फोनाची घंटा वाजे, पण कोण बोलावतें तें कळत नसे. मोबाईलच्या पडद्यावर बोलावणाऱ्याचा क्रमांक फोन उचलण्यापूर्वींच उमटतो. आकारणी मात्र उचलल्यावर सुरू होते. या दोहोंमधील फट आमच्या लोकांनीं बरोबर हेरली. एक घंटा म्हणजे सुखरूप पोंचलों, दोन म्हणजे खालीं उभा आहें, अशी घरोघरची निराळी सांकेतिक भाषा तयार झाली. तारखात्याला शब्दागणिक पैसे मोजणाऱ्या पिढीच्या नातवंडांनीं बिनशब्दांची फुकट तार शोधून काढली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

२००३ सालीं आलेल्या फोनाचे पैसे घेणें बंद झालें, आणि मिसकॉलास सामाजिक शिष्टाचार लाभला. तो मुलानें बापास द्यावा, गड्यानें मालकास द्यावा. उलट फोन करणें हें वडीलकीचें लक्षण. सधन माणसानें मिसकॉल दिला तर चारचौघांत तो कवडीचुंबक ठरे. पुढें व्यापाऱ्यांनींहि ही युक्ति उचलली. २०१० सालीं बंगळुरास निघालेल्या झिपडायल कंपनीचा सारा धंदाच मिसकॉलांवर उभा होता. २०१५ सालीं ट्विटरनें ती विकत घेतली. गरिबाच्या काटकसरीला बाजारांत किंमत आली ती अशी.

दरम्यान यंत्राचें रूप पालटत होतें. फिलिप कान यांनीं १९९७ सालींच फोनास कॅमेरा जोडून आपल्या नवजात कन्येचें छायाचित्र धाडिलें होतें. कालांतरानें कॅमेरा, गाणीं, चलच्चित्रें हीं सारीं एकाच डबींत आलीं. घंटेऐवजीं ज्याच्या त्याच्या आवडीचें गाणें ऐकूं येऊं लागलें. मिसकॉल देणाऱ्यास तें फुकटच ऐकावयास मिळे, ही कंपन्यांची अभावितपणें घडलेली रसिकसेवा!

सप्टेंबर २०१६ मध्यें जिओनें बोलण्याचे पैसे घेणार नाहीं असें जाहीर केलें, आणि इतरांनाहि दर उतरवावे लागले. फट बुजली. आतां मुखवलोकनासह हवें तितकें बोलतां येतें, तरी आमच्या एका स्नेह्यांच्या मातोश्री गांवीं पोंचल्या कीं अजून एकच घंटा देऊन ठेवून देतात. स्नेही उलट फोन करतात, तर त्या रागावतात: पोंचल्याचें कळलें ना, मग कशाला केलास?