नॉर्थ कोलचा उतार, ७ जून १९२२

एव्हरेस्टच्या तिबेटकडील बाजूस, नॉर्थ कोलच्या उतारावर त्या दिवशी सतरा जण दोरांनी बांधून चढत होते. अग्रभागी मॅलरी, सॉमरव्हेल व क्रॉफर्ड. उरलेले चौदा हमाल. मोसमी वारे येऊन ठेपले होते आणि नुकतेच भरपूर बर्फ पडले होते. असा ताजा थर खालच्या कठीण थराला घट्ट धरून नसतो. पावलांचा भार पडताच तो लादीसारखा सुटू शकतो. मॅलरीला हा धोका ठाऊक होता. एका तीव्र चढावर त्यांनी बर्फ मुद्दाम तुडवून पाहिले. ते हलले नाही. पण चाचणी एका जागेची होती, उतार बराच मोठा!

दुपारी दीडच्या सुमारास स्फोटासारखा आवाज झाला. पुढचा दोर थोडा घसरून थांबला. मागचे नऊ हमाल हिमकड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढता आले, सात दगावले. साथीदारांच्या इच्छेनुसार मृतांना तेथेच राहू दिले.

एकाही इंग्रजाला इजा झाली नव्हती, आणि नेमकी हीच गोष्ट सॉमरव्हेलला बोचत राहिली. मॅलरी दोन वर्षांनी पुन्हा नॉर्थ कोलवर गेला.